ससा उंदराच्या गणातला नाही, आणि तो फक्त झाडपाला का खातो हा प्रश्न वेगळाच आहे

तुम्ही विचारलंय की मुलीच्या पुस्तकात ससा हा उंदीर आणि खारीबरोबर 'कुरतडणारे प्राणी' या एकाच चौकटीत दिलाय आणि तिच्या बाई म्हणतात ते चूक आहे, तर खरं काय. पुढे असंही लिहिलंय की तुमचा दीड वर्षाचा ससा शेपटीखाली तोंड घालून स्वतःच्याच लेंड्या खाताना दिसला, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की प्रोटीन कमी पडतंय, उंदीर सगळं खातो मग ससा का नाही खाणार, उकडलेलं अंडं देऊन बघा.

अंडं अजून दिलं नसेल तर देऊ नका, आणि एखादा घास दिला गेला असेल तर घाबरूही नका. कारण खाली सविस्तर लिहिते. मी २२ वर्षं प्राण्यांची डॉक्टर आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं ससे, गिनीपिग असल्याच पेशंटमध्ये गेली आहेत, त्यामुळे हा घोळ मी फार वेळा बघितलाय. इथे खरी गाठ कुठे बसलीये सांगू का, 'ससा कोणाचा नातेवाईक' आणि 'ससा काय खातो' हे दोन प्रश्न एकच धरले गेलेत. पहिल्याचं उत्तर दातांत आणि कवटीत मिळतं, दुसऱ्याचं पोटात.

आधी नात्याचं बघू. बाई बरोबर आहेत. पण पुस्तकातली चूकही उगाच हवेतून आलेली नाही, तिला फार जुना इतिहास आहे. १७५८ साली लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांचे गट पाडले तेव्हा त्याने ग्लायरीज नावाच्या गटात उंदीर, खार, बीव्हर, साळिंदर यांच्याबरोबर ससा ठेवला होता, आणि त्याच गटात गेंडासुद्धा होता. गेंडा लवकर बाहेर पडला, ससा मात्र अडकून राहिला. १८५५ साली ब्रांट या प्राणिशास्त्रज्ञांनी सशांच्या गटासाठी लॅगोमॉर्फा हे नाव वापरलं, पण तेही कृंतकांचा, म्हणजे कुरतडणाऱ्यांचा, पोटगट म्हणूनच. १९१२ साली गिडली यांनी मांडणी केली की नाही, हा सरळ स्वतंत्र गण आहे, आणि मग हळूहळू ते सगळीकडे मान्य झालं. बोलण्यात आणि शाळेच्या पुस्तकांत मात्र जुनी सवय अजून टिकून आहे.

फरक मी लोकांना टेबलावरच दाखवते. सशाचा वरचा ओठ हळूच वर करून बाजूने टॉर्च मारला की पुढच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांच्या बरोबर मागे, पाठीला पाठ लावून उभे असल्यासारखे दोन बारके खुंटीसारखे दात दिसतात. उंदीर, खार, गिनीपिग, हॅमस्टर कुणाचंही तोंड उघडा, हे मागचे दोन दात नाहीत. ही लॅगोमॉर्फा गणाची खूण. आणखी एक म्हणजे उंदराच्या पटाशीच्या दाताला इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, फक्त पुढच्या बाजूला असतं आणि तो पुढून पिवळट-नारिंगी दिसतो, सशाच्या दाताला ते मागूनही असतं आणि दात पांढरा असतो. एकूण दात सशाला २८, घरातल्या उंदराला १६. चावताना सशाचा खालचा जबडा डावी-उजवीकडे सरकतो, जात्यासारखा, तर उंदराचा मागे-पुढे बराच सरकतो. सशाची कवटी कधी हातात घेतली तर नाकाच्या बाजूचं हाड जाळीसारखं भोकाभोकांचं लागतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हाड कुजलंय.

मुलीला दाखवायला सगळ्यात सोपी खूण मात्र वेगळी आहे. खार किंवा उंदीर खाताना बघा, घास पुढच्या दोन पंजांत धरून, फिरवून फिरवून कुरतडतात. ससा कधीच असं करत नाही, त्याला पंजात धरताच येत नाही, तो तोंड घासाजवळ नेतो. पंजे उलटे करून बघितले तर खाली मांजरासारखी गादी नसते, नुसते दाट केस असतात.

मग उंदराशी नातं अजिबातच नाही का? आहे. १९९६ साली काही संशोधकांनी प्रोटीनच्या तुलनेवरून असंसुद्धा म्हटलं होतं की ससे उंदरांपेक्षा आपल्या, म्हणजे माकडांच्या शाखेला जास्त जवळचे आहेत, पण नंतर खूप जास्त जनुकांचा अभ्यास झाला आणि चित्र उलटं निघालं, जिवंत सस्तन प्राण्यांत सशांच्या गणाला सगळ्यात जवळचा गण कृंतकांचाच. म्हणजे चुलत भावंडं म्हणा, कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झालेली. लॅगोमॉर्फामध्ये दोनच कुळं उरलीत, एक लेपोरिडी म्हणजे सगळे ससे, आणि दुसरं पायका नावाच्या छोट्या, गोल कानांच्या, डोंगराळ थंड भागातल्या प्राण्यांचं, जे उन्हाळ्यात गवत गोळा करून वाळवून ठेवतात आणि हिवाळ्यात खातात. अख्ख्या गणात मिळून प्रजाती शंभरेक, तर कृंतकांच्या २,००० च्या वर.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच 'ससा' म्हणतो. पाळीव ससा, कुठल्याही रंगाचा आणि जातीचा असो, ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या एकाच प्रजातीचा आहे, मूळ स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा, बिळात राहणारा, पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. माळावरचा उंच पायांचा रानससा लेपस या वेगळ्या गटातला, तो बीळ करत नाही आणि पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. पाळीव सशाला गुणसूत्रं ४४, लेपसला ४८, दोघांची संकरित पिल्लं होत नाहीत. लोक माझ्याकडे 'आईने टाकलेलं पिल्लू' म्हणून रानसशाची पिल्लं घेऊन येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण आईने टाकलेलं नसतं, ती दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडला की थोडा वेळ येऊन दूध पाजून जाते. असं पिल्लू गपचूप बसलेलं दिसलं आणि जखम नसेल तर कृपया उचलू नका.

आता खाण्याकडे. 'ससा उंदरासारखा, म्हणून सगळं खाईल' हे तर नात्यावरूनही टिकत नाही, कारण कृंतकांमध्येच बघा, घरातला उंदीर मिळेल ते खातो, गिनीपिग गवतावर जगतो, आणि एक उंदीर असा आहे जो विंचू मारून खातो. तिघंही एकाच गणातले! याहून मोठं उदाहरण म्हणजे जायंट पांडा. तो अस्वलांच्या कुळातला, मांसभक्षी गणातला, आतडं मांस खाणाऱ्याचं आखूड, आणि खातो जवळजवळ फक्त बांबू. त्याला त्या बांबूतून इतकं कमी मिळतं की रोज १२ किलोपासून ३८ किलोपर्यंत बांबू खावा लागतो. म्हणजे गणाचं नाव वंश सांगतं, जेवण सांगेलच असं नाही. लॅगोमॉर्फा या गणात मात्र योगायोगाने दोन्ही जुळतं, सगळेच्या सगळे वनस्पतींवर जगणारे आहेत.

बरं, पण प्राणी फक्त वनस्पतीच का खातात? मांसात तर सगळं तयार मिळतं.

मी हे असं समजावते की मांस पचवायला सोपं आणि मिळवायला अवघड, गवत मिळवायला सोपं आणि पचवायला अवघड. हरणाचं मांस वाघाच्या स्वतःच्या मांसासारखंच असतं, फार उलाढाल न करता वापरता येतं, पण हरीण पळतं. गवत पळत नाही आणि खूप असतं. जमिनीवर मांसापेक्षा हिरवा पाला कितीतरी पट जास्त आहे, कारण प्रत्येक पायरीवर ऊर्जा गळते, खाल्लेल्यातला साधारण दहावा भागच खाणाऱ्याच्या अंगी लागून पुढच्या पायरीला मिळतो. म्हणून जो पाला थेट खाऊ शकेल त्याला अन्न उदंड आहे. अडचण ही की त्या पाल्यातली बरीचशी ऊर्जा सेल्युलोजमध्ये कुलूपबंद असते. सेल्युलोज म्हणजे साखरेचेच कण, पण अशा पद्धतीने जोडलेले की ती जोडणी तोडणारं एन्झाइम सस्तन प्राण्यांच्या शरीरात तयारच होत नाही. माझ्यात नाही, गायीत नाही, सशातही नाही! गाय गवत पचवते हे आपण सवयीने म्हणतो, पचवतात तिच्या पोटातले सूक्ष्मजीव.

तर झाडपाल्यावर जगायचं म्हणजे या सूक्ष्मजीवांना राहायला कुठेतरी गरम, ओली, हवाबंद जागा द्यायची आणि अन्न तिथे पुरेसा वेळ ठेवायचं. ती जागा कुठे द्यायची यावरून दोन तऱ्हा पडल्या. गाय, शेळी, हरीण यांनी ती पुढे दिली, चार कप्प्यांच्या पोटात, मुख्य पचनाच्या आधी. घोडा, हत्ती, ससा, कोआला यांनी मागे दिली, मोठ्या आतड्यात किंवा सीकममध्ये. सीकम म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, आपल्यात ती अगदीच छोटी उरलीये, कोआलात ती २ मीटरपर्यंत लांब असते.

आणि एकदा शरीर या दिशेने गेलं की परत फिरणं सोपं नसतं, कारण प्रत्येक सोयीची किंमत मोजलेली असते. सशाला सुळे नाहीतच, पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा आहे. सगळे दात, दाढासुद्धा, आयुष्यभर वाढतात, पटाशीचे आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, कारण गवतातल्या वाळूसारख्या सिलिकाने ते झिजतात. मऊ खाल्लं तर झिजत नाहीत पण वाढत राहतात. तिकडे मांजर दुसऱ्या टोकाला गेलंय, तिला गोड चवच कळत नाही, ते जनुक मोडून पडलंय, आणि टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच घ्यावा लागतो. म्हणून मांजराला शाकाहारी करणं आणि सशाला अंडं घालणं या माझ्या दृष्टीने एकाच जातीच्या चुका आहेत.

आता तुमच्या सशाच्या लेंड्या, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. ससा लहान आहे, लहान प्राण्याला वजनाच्या मानाने ऊर्जा जास्त लागते, त्यामुळे गायीसारखं दोन-तीन दिवस चारा पोटात ठेवून बसणं त्याला परवडत नाही, शिवाय पळायचंही असतं. म्हणून त्याचं मोठं आतडं एक चाळणी चालवतं. जाडाभरडा तंतू वेगळा काढून भराभर बाहेर, त्या तुम्हाला दिसतात त्या गोल कोरड्या लेंड्या. बारीक कण आणि रस उलटे मागे सीकममध्ये ढकलले जातात, जिथे सूक्ष्मजीव त्यांच्यावर काम करतात. सीकम एवढं मोठं असतं की पचनमार्गातली साधारण ४०% जागा तेच घेतं. तिथे तयार होणारी आम्लं, व्हिनेगरमधल्या आम्लाच्याच कुळातली, भिंतीतून रक्तात जातात आणि त्यातून ऊर्जा मिळते. पण सूक्ष्मजीवांच्या अंगातलं प्रोटीन आणि त्यांनी बनवलेली बी आणि के व्हिटॅमिन तिथे अडकून पडतात, कारण प्रोटीन पचवायची जागा, पोट आणि लहान आतडं, मागे राहून गेलेलं असतं. गायीला ही अडचण नाही, तिचे सूक्ष्मजीव पुढे आहेत, ते मागे वाहत येतात आणि पचतात.

सशाने यावर काढलेला मार्ग म्हणजे तुम्ही बघितलं ते. दिवसातून ठराविक वेळी, सहसा शांत बसलेला असताना, सीकममधला माल द्राक्षाच्या छोट्या घोसासारखा, मऊ, चकचकीत, वरून चिकट आवरण असलेला बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो, न चावता गिळतो. ते आवरण पोटातल्या ऍसिडपासून आतल्या सूक्ष्मजीवांना काही तास वाचवतं, मग ते विरतं आणि आतलं सगळं पचतं. याला सीकोट्रोफ म्हणतात. कोरड्या लेंडीपेक्षा यात प्रोटीन साधारण दुप्पट असतं. म्हणजे तुमचा ससा प्रोटीन कमी पडतंय म्हणून लेंड्या खात नाहीये, त्याची प्रोटीन मिळवायची ठरलेली पद्धतच ही आहे. मला काळजी तेव्हा वाटते जेव्हा ससा त्या खात नाही आणि त्या ढुंगणाला चिकटलेल्या किंवा पिंजऱ्यात चिखलासारख्या पसरलेल्या दिसतात.

म्हणून मी प्रत्येक नव्या मालकाला सांगते की चारा सशाला घालत नाही आहात, त्याच्या सीकममधल्या वस्तीला घालत आहात.

'फक्त' या शब्दाबद्दल थोडं, कारण मुलगी नक्की विचारेल. निसर्गात तो इतका कडक नसतो. कॅनडाच्या युकॉन भागात हिवाळ्यात स्नोशू जातीचे रानससे मेलेल्या प्राण्यांचं मांस खाताना कॅमेऱ्यात दिसलेत, हरणं हाडं चघळतात कारण फॉस्फरस कमी पडतो. आणि प्रत्येक शाकाहारी सस्तन प्राण्याची सुरुवात तर दुधावरच होते. सशाच्या पोटात प्रोटीन पचवणारी एन्झाइम आहेत, त्यामुळे अंड्याचा तुकडा पचणारच नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. प्रश्न पुढचा आहे. असं खाऊन पोट भरलं की तंतू कमी खाल्ला जातो, आतडं मंदावतं. बाहेरून जास्त प्रोटीन मिळालं की ससा सीकोट्रोफ खाणं कमी करतो. आणि सीकममध्ये नको ते जंतू वाढतात, स्टार्च जास्त झाल्यावर तर हमखास धोका. यातून विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम नावाचे जंतू माजले तर ससा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. याच कारणाने ऍमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिनसारखं जंतू मारणारं औषध (अँटिबायोटिक) तोंडावाटे दिलं तर सशाचा जीव जाऊ शकतो, कुत्र्याचं उरलेलं औषध सशाला कधीच देऊ नका.

एक पेशंट सांगते. अडीच वर्षांची मादी, 'सारखे जुलाब' म्हणून आणलेली, आधी दोन वेळा जुलाबाचं औषध देऊन झालेलं. शेपटीखाली सगळं चिकटलेलं, कातडी लाल. मी विचारलं खाते काय, तर ब्रेड, बिस्किट, दूध आणि रंगीत दाण्यांचं मिक्स, गवत 'तिला आवडत नाही'. कोरड्या लेंड्या व्यवस्थित होत होत्या, म्हणजे हे जुलाब नव्हतेच, न खाल्लेले सीकोट्रोफ होते. दाढांना टोकं आली होती, ती जिभेला लागत होती म्हणून ती गवत टाळत होती, आणि गवत टाळत होती म्हणून टोकं वाढत होती. भूल देऊन दाढा घासल्या, दूध-ब्रेड बंद, दाणे तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत गवतावर आणलं. एकदम बदललं असतं तर वस्ती कोलमडली असती. महिन्याभराने आली ती स्वच्छ होती.

तुमच्या सशाला नेमकं किती प्रोटीन हवं हे वयावर आणि परिस्थितीवर आहे. सहा-सात महिन्यांच्या आतलं वाढतं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी, आजारातून उठलेला अशक्त ससा यांना जास्त लागतं, आणि तेसुद्धा मी लसूणघास देऊन भागवते, अंडं नाही. दीड वर्षाच्या निरोगी सशाला उलट लसूणघास रोज नको, त्यात कॅल्शियम फार, आणि सशात गरज नसलेलं कॅल्शियमसुद्धा रक्तात शोषलं जाऊन लघवीतून बाहेर पडतं, मग मूत्राशयात गाळ साठतो. त्याला साधं वाळलेलं गवत दिवसभर, हवं तेवढं, म्हणजे खाण्याचा ८०% हून जास्त भाग, वरून थोडी हिरवी पालेभाजी, पेलेट, म्हणजे सशांचं तयार दाणेदार खाद्य, असतील तर मूठभरसुद्धा नको, आणि फळ म्हणजे क्वचित एखादी फोड. वजन उतरत असेल, लेंड्या बारीक झाल्या असतील तर मात्र हे घरी ठरवू नका, दाखवून घ्या. आणि १२ तास काहीच खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट बघू नका, ती इमर्जन्सी आहे.

मुलीच्या वहीसाठी एवढं पुरे: ससा, सस्तन प्राणी, गण लॅगोमॉर्फा, कुल लेपोरिडी, उंदराचा चुलत नातेवाईक, खूण वरच्या पटाशीमागचे दोन बारके दात. बाईंना दाखवायला फोटो हवा असेल तर एकाने सशाला मांडीवर धरायचं, मागचे पाय नीट आधार देऊन, कारण झटका मारला तर त्याच्याच पाठीचा मणका मोडू शकतो, आणि दुसऱ्याने ओठ बाजूने किंचित वर करून तिरका टॉर्च मारायचा. समोरून फोटो काढलात तर मागचे दोन दिसणार नाहीत.